छाट

आई हजार बिड्या मोजून देते.
कारखान्याचा माणूस त्यातल्या साठ-सत्तर बाजूला सारतो.
हिचं तोंड सैल, हिचा दोरा ढिला, हिचं पान करपलेलं.
छाट.
त्यांचे पैसे नाहीत. बिड्याही परत नाहीत.
निपाणीत हा शब्द शिकायला शाळा लागत नाही.

अमृतचा करार नऊ महिन्यांचा.
आषाढात गेला, चैत्रात येणार होता.
चैत्रात कोगनोळीचा नाका बंद झाला.
अलीकडं आम्ही, पलीकडं कागल,
मधे लोखंडी बॅरिकेड आणि खुर्चीत पेंगणारा एक पोलीस.
आत्या पलीकडं वारली. आम्ही फोनवर रडलो.
वखारीपाशी शिंक आली तरी लोक लांब पळायचे,
आणि तंबाखूच्या गावात शिंक तर येणारच.
वाटलं, अडकणं म्हणतात ते हेच.

मग त्याचा फोन आला.
बंदराला लागलोय, म्हणाला.
धक्क्यावर चहाची टपरी दिसते, तिच्यावरचं मांजर दिसतं,
पण शिडी खाली सोडायची नाही असा हुकूम आहे.
पामतेल उतरलं.
तो उतरला नाही.

दुकानातून आणलेली तेलाची पिशवी
आई उलटीपालटी करून बघायची.
"तेच असंल काय गं हे?"
जणू मागच्या बाजूला, बारीक अक्षरात,
त्याचं नाव छापलेलं असणार.

अकराव्या महिन्यात त्याची दाढ सुजली.
डॉक्टर किनाऱ्यावर, किनारा परका.
कंपनीनं गोळ्यांची नावं कळवली.
पेटीतल्या गोळ्यांची मुदत
तो जहाजावर चढायच्या आधीच संपलेली.
आई म्हणाली, मिश्री दाबून धर.
निपाणीचा पोरगा,
त्याच्याकडं चिमूटभर तंबाखू नव्हती.
शेवटी फिटरनं पक्कडीनं ओढली.

फोनवर तो बोबडं हसला. मग आवाज उतरवून म्हणाला,
"आमच्यातला एकजण रात्री कठड्याबाहेर पाय सोडून बसतो.
आम्ही पाळीपाळीनं त्याच्या शेजारी बसतो.
काय बोलत नाही. नुसतं बसतो."
हे मी आईला सांगितलं नाही.
आज माझी पाळी, हे त्यानं मला सांगितलं नसेल.

मी अर्ज लिहीत राहिले.
बेळगावनं कानडीत मागितला, मुंबईनं इंग्रजीत.
एकानं लिहिलं, आमच्या जिल्ह्याला समुद्र नाही.
दुसऱ्यानं लिहिलं, तुमचा पत्ता कर्नाटकाचा.
एका फॉर्मात विचारलं होतं : अत्यावश्यक सेवा कोणती?
डॉक्टर, नर्स, पोलीस, वीज, दूध, सफाई.
तळाला, इतर.
मी इतरवर खूण केली.
वरच्यांसाठी थाळ्या वाजल्या होत्या आमच्या गल्लीत.
मीही वाजवली होती, पितळेची, चेंबेपर्यंत.

सतराव्या महिन्यात आला.
कोगनोळीवर कपाळाला बंदूक लावून ताप बघितला.
कुठनं आलास?
समुद्रावरनं.
पोलीस थोडा वेळ पेन धरून थांबला,
मग रकान्यात लिहिलं : मुंबई.

घरात त्याला झोप येईना.
गच्चीवर चालायचा, अठरा पावलं,
आणि वळायचा,
पुढं गच्ची तेवढीच उरलेली असताना.

आईनं त्याला उंबऱ्यात बसवलं,
मोबाईलच्या उजेडात तोंड उघडायला लावलं
आणि बिडीचं तोंड बघते तसं,
डोळे बारीक करून, आत बघत राहिली.
त्यानं तोंड मिटलं नाही. लाळ गळाली तरी.

आठ जादा महिन्यांतल्या तिघांचा पगार
अजून तपासणीत आहे, असं कंपनीचं पत्र आलं.
मी मराठीत सांगितलं. आईनं ऐकलं,
मांडीवर सूप ओढलं, पान कातरलं,
आणि पहिल्या बिडीला दोरा गुंडाळता गुंडाळता बोलली,
"माल तर समदा पोचला म्हणं."